किल्ले आवडतात ते ठीक, गळकं छप्पर आवडेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 27, पुण्यातून बी.आर्क., म्हणजे वास्तुविशारदाची पदवी, गेली तीन वर्षं एका मोठ्या फर्ममध्ये बावीस मजली इमारतींची वर्किंग ड्रॉइंग्ज करताय आणि ती वर्षं वाया गेली असं म्हणताय. शाळेपासून किल्ल्यांचं वेड. आता ऐतिहासिक इमारतींच्या संवर्धनाकडे वळायचंय. इंग्लंडमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम करायचा तर कर्ज काढावं लागेल, भारतात एम.आर्क. करायचं तर दोन वर्षं बिनपगारी जातील, की सरळ एखाद्या संवर्धनाच्या ऑफिसात शिरावं? वय उलटून तर गेलं नाही ना? आणि वडील विचारतात, "जुन्या दगडांवर पोट भरतं का?"

वडिलांचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, पण त्याकडे शेवटी येते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी बोलतेय ते कुठून बोलतेय हे कळेल. मी 2001 साली बी.आर्क. झाले. पाच वर्षं मुंबईत एका संवर्धनाच्या ऑफिसात नोकरी केली आणि त्यानंतर पुण्यात स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. आम्ही चौघं आहोत. वाडे, देवळं, दोन शाळा, एक ग्रंथालय, दोन चर्च, एका जुन्या गिरणीमालकाचा बंगला अशी कामं केली. किल्ल्याचं काम इतक्या वर्षांत एकदाच मिळालं, तेही एका दरवाज्याच्या देवडीपुरतं. त्यामुळे मोठ्या सरकारी स्मारकांवर हयात घालवलेला माणूस तुम्हाला काही गोष्टी वेगळ्या सांगेल, आणि त्याचंही खरं असेल.

तुम्ही विचारलंय पदवी आणि पैशाबद्दल. पण प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं, खरी अडचण वेगळीच आहे. संवर्धन म्हणजे किल्ले, लेणी, राजवाडे असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. प्रत्यक्षात हा धंदा दुरुस्तीचा आहे. तुंबलेली पन्हळ, कुजलेला खांब, फुगलेली भिंत, आणि तीन पिढ्यांचं भांडण असलेलं कुटुंब. याची गोडी लागली तर पदवीचा आणि पैशाचा प्रश्न सुटतो. नाही लागली तर परदेशातली पदवी घेऊनही माणूस चार वर्षांत इंटिरियरकडे वळतो. असे निदान तीन जण माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचं बरं चाललंय, त्यात वाईट काही नाही.

किल्ल्यांचं आधी उरकते. 2025 साली मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. 11 महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून तुमच्यासारखे प्रश्न माझ्याकडे वाढलेत. या बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तिथे काय करायचं, किती करायचं हे खातं ठरवतं. आपल्यासारखा वास्तुविशारद सल्लागार म्हणून निविदेतून आत येतो, अहवाल आणि नकाशे देतो, कधी देखरेख करतो. काम मोलाचं आहे, पण वर्षाकाठी अशी किती कामं निघणार आणि त्यांसाठी किती ऑफिसं रांगेत असणार याचा हिशेब तुम्हीच करा. त्यावर बेतून घर चालवता येत नाही. घर चालतं ते कोणत्याही वारसा यादीत नसलेल्या, नाहीतर शहराच्या यादीत शेवटच्या श्रेणीत असलेल्या साध्या इमारतींवर.

अशाच एका साध्या इमारतीची गोष्ट सांगते, कारण या कामाची सगळी तऱ्हा तिच्यात आहे.

पेठेतला एक दुमजली वाडा. मधला चौक, चारी बाजूंनी सोपे, म्हणजे ओसऱ्या, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. चौकातल्या सहा खांबांपैकी दोन खचले होते, वरची तुळई एका बाजूला चार बोटं खाली आली होती. तपासणीला आलेल्यांनी लिहून दिलं होतं, "इमारत धोकादायक, पाडावी." घरातल्या थोरल्या भावाला पाडायची होती, धाकट्याला नव्हती, आणि आत्याबाई म्हणत होत्या, माझ्या डोळ्यांदेखत हात लावू नका.

मी माझ्या नेहमीच्या सुतारमामांना घेऊन गेले. मामांनी काही न बोलता वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पाठीने खांब वरून खाली ठोकत आणला. वर टणटणीत आवाज. गुडघ्याच्या खाली आल्यावर भद्द. मग आम्ही खांबाशेजारची फरशी उचकटली. विट्रिफाइड टाइल, तिच्याखाली मोझॅक, तिच्याखाली शहाबादी, आणि सगळ्यांच्या खाली मूळची जमीन. दर पिढीने आधीच्या फरशीवर नवी घातली होती. खांब ज्या दगडी तळखड्यावर उभा होता तो तळखडा पार गाडला गेला होता. तळखडा असतो तोच मुळी लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. तो बुडाल्यावर चौक धुतला की पाणी थेट खांबाच्या बुंध्यात. वरून कोणीतरी "आधार" म्हणून खांबाभोवती सिमेंट काँक्रीटचा गळपट्टा घातलेला. त्यात पाणी शिरायला वाट होती, बाहेर पडायला नव्हती.

आता उपाय किती निघाले बघा. इंजिनिअर म्हणाले, खांब काढून लोखंडी घाला. थोरला भाऊ म्हणाला, असंही खर्च होणार तर आरसीसी करू. माझ्या ऑफिसातली नवी मुलगी म्हणाली, जुन्या नकाशीबरहुकूम नवे सागवानी खांब करून घेऊ. तिचा उपाय ऐकायला सगळ्यात "संवर्धनाचा" वाटतो ना? पण दोनशे वर्षांचं टणक सागवान फेकून नवं आणायचं कशाला? आम्ही तुळईला टेकू दिले, जॅकने तीन दिवसांत हळूहळू उचलली, दोन खांबांचे बुंधे अडीच फुटांवर कापले आणि खाली जुन्याच सागाचे तुकडे सांधले. ते लाकूड दुसऱ्या एका पाडलेल्या वाड्यातून आणलं. मामा याला "खांबाला कलम केलं" म्हणतात. बाकीचे चार खांब तसेच ठेवले. फरशीचे थर काढून चौकाची जमीन मूळ पातळीवर आणली. काम सोळा दिवसांचं होतं. ते असंच करायचं हे ठरवायला चार महिने लागले, आणि त्यातले तीन महिने घरातल्यांना समजावण्यात गेले.

सांध्यावरून माझं आणि मामांचं वाजलं तेही सांगते. मामांना सांधा दिसताच कामा नये असा करायचा होता, त्यांच्या हाताची ती शान. 1964 ची व्हेनिसची सनद, म्हणजे संवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, जी तुम्हाला कोणत्याही अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात वाचायला लागेल, म्हणते की नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण ओळखू यावा. आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबावी. दुसरीकडे इन्टॅक या वारसा जपणाऱ्या भारतीय संस्थेची 2004 ची सनद आपल्याकडच्या जिवंत कारागिरीला मान देते. पाथरवट-सुतारांची परंपरा चालू असेल तर तिला तिच्या पद्धतीने काम करू द्यावं, असा तिचा रोख आहे. कुठली धरायची? ते इमारतीवर अवलंबून आहे. चालत्या देवळाच्या शिखराचा तुटलेला तुकडा सपाट ठेवून "हा भाग मूळ नाही" असं गावकऱ्यांना शिकवायला गेलात तर गाव तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही, आणि माझ्या मते गावाचंच बरोबर असेल. रिकाम्या, पडक्या स्मारकात मात्र अंदाजाने कोरलेली कमान ही थाप आहे. वाड्यात आम्ही मधला मार्ग काढला. सांधा मामांच्या मनासारखा केला आणि नव्या तुकड्यावर आतल्या बाजूला साल कोरलं.

हे सगळं सविस्तर सांगितलं कारण नव्या बांधकामात तुमची किंमत तुम्ही काय उभं केलंत यावर ठरते. इथे ती पुष्कळदा काय काढलं नाहीत यावर ठरते. फोटोत ते दिसत नाही. काम झाल्यावर पाहुणे त्या वाड्यात आले आणि म्हणाले, "अजून काम सुरू नाही केलं वाटतं?" हे वाक्य ऐकून तुम्हाला हसू येईल की वाईट वाटेल, याचा प्रामाणिकपणे विचार करा.

आता माझी एक चूक. 2008 साली एका विटांच्या जुन्या घराचा रस्त्याकडचा गिलावा करायचा होता. मे संपत आला होता, चुन्याचं काम करणारी टोळी दुसरीकडे अडकलेली, मालक पावसाच्या धास्तीने रोज फोन करत होते. मी खालच्या चार फुटांत सिमेंटच्या गिलाव्याला होकार दिला. "तेवढाच तर भाग आहे." दोन पावसाळे गेले. गिलावा अगदी घट्ट होता, पण वरच्या चुन्याच्या भागाच्या सीमेवर मीठ फुटायला लागलं, पोपडे निघाले, आणि सिमेंटचा एक तुकडा काढून पाहिला तर मागच्या विटा हाताने चुरडत होत्या. माझ्या खर्चाने ते सगळं परत केलं. त्या वर्षी ऑफिसात दिवाळीचा बोनस नव्हता.

कारण साधं आहे. जुन्या विटा मऊ, सच्छिद्र. त्यांत ओल येणारच, पायातून, पावसातून. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. खराब व्हायचं तर गिलावा आधी होतो, वीट वाचते, आणि गिलावा परत करता येतो. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि दाट. ओल अडते, वाट मिळेल तिथून बाहेर पडते, आणि तिच्यातलं मीठ विटेच्या आत स्फटिक होऊन विटेला फोडतं. काळ्या दगडाच्या तटबंदीत दगड स्वतः कडक असल्यामुळे दर्शनी बाजू शाबूत दिसते, पण सिमेंटने सांधे बंद केले की आतला भराव ओला राहतो आणि काही वर्षांत भिंतीला पोट येतं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं मोठं काम झालं तेव्हा छतावर विसाव्या शतकात ओतलेलं सुमारे 10 लाख किलो काँक्रीट आधी हाताने फोडून उतरवावं लागलं. म्हणजे आमच्या कामाचा बराच भाग काळाने केलेली पडझड दुरुस्त करण्याचा नसतो. आधीच्या दुरुस्त्या दुरुस्त करण्याचा असतो.

चुन्याबद्दल एक आगाऊ सल्ला. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद घालतात, हे ऐकून लोक भारावतात आणि जणू गुप्त पाककृती हाती लागल्यासारखे वागतात. या गोष्टी घालत असत हे खरं, आम्हीही काही घालतो. पण चुना बिघडतो तो गूळ कमी पडल्याने नाही. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, पाण्यात नीट विझलेली नसते, वाळूत माती असते, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा तेवढा मळलेला नसतो, किंवा लावल्यावर आठवडाभर ओल्या गोणपाटांखाली ठेवायला कोणाला धीर नसतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला वेळ लागतो. ओलीच्या जागी सुर्खी घातली, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, तर तो दमट हवेतही धरतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण गोळा हातात घेतल्यावर "हा झाला" हे कळायला दोन-तीन हंगाम गवंड्याशेजारी उभं राहावं लागतं. मी पहिलं वर्ष नुसती उभी होते. मुंबईतल्या त्या ऑफिसच्या साइटवर एक म्हातारे गवंडी मला रोज विचारायचे, "ताई, आज पण बघायलाच आलात का?"

म्हणून माझं म्हणणं असं की पदवीचा निर्णय घेण्याआधी एका इमारतीबरोबर एक पावसाळा काढा. पुण्यातच राहता, तर ओळखीतला एखादा वाडा, शाळा, देऊळ शोधा. मालकाला सांगा की फुकट मोजमाप करून नकाशे देतो, फक्त येऊ द्या. टेप, ओळंबा आणि वही घेऊन मोजा. लेझर स्कॅनिंग पुढे येईलच. भिंती काटकोनात नाहीत हे हाताने मोजल्याशिवाय पटत नाही. जूनमध्ये ओल कुठे आहे ते खुणा करून ठेवा, मग दर पंधरा दिवसांनी बघा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा; पट्टी तडकली तर भेग हलतेय, नाही तडकली तर ती शंभर वर्षांपूर्वीच हलायची थांबलेली असेल आणि तिच्याकडे बघून घाबरायचं कारण नाही. ऑक्टोबरमध्ये सगळं एका नकाशावर मांडा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर लाजिरवाणं साधं निघतं: फुटलेली पन्हळ, सरकलेली चार कौलं, रस्ता उंच झाल्यामुळे जोत्याशी साठणारं पाणी, भिंतीत रुजलेला पिंपळ. ज्याला "भिंतीचं संवर्धन" म्हणून अहवाल लिहायचा होता, ते काम प्लंबरचं असतं. त्या क्षणी तुम्हाला निराश वाटलं तर हा धंदा तुमचा नाही. मजा वाटली तर आहे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती माणसांची. जुन्या इमारतीत मालक एक नसतो. सात-बारा, मालमत्ता पत्रक काढलं तर चौदा नावं निघतात, त्यातली तीन अमेरिकेत आणि एक बोलत नाही. भाडेकरू असतो, त्याचं भाडं इतकं जुनं की मालकाला दुरुस्तीत काही स्वारस्य उरलेलं नसतं, आणि भाडेकरूला वाटतं दुरुस्ती म्हणजे मला काढायचा डाव. यात कायदा येतो. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, हा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा नियम तुम्हाला पाठ हवा. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आणि श्रेणीवार यादी आहे, इतर शहरांत आपापल्या याद्या आणि समित्या आहेत. नियम शहरागणिक वेगळे, बदलणारे, म्हणून इथे जास्त खोलात जात नाही. पण यादीत नाव आलं की "घर गेलं" असं मालकाला वाटतं, हे सगळीकडे सारखं. त्याला नियम समजावून, त्यात त्याचा फायदा कुठे आहे हे दाखवणं हे आपलं काम. आर्किटेक्चरच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत. मला आत्याबाईंनी शिकवलं.

आता पैसा. सुरुवातीची चार-पाच वर्षं तुम्हाला आताच्यापेक्षा कमी पगार मिळेल, हे गृहीत धरा. किती कमी ते शहर, ऑफिस आणि तुमचं कौशल्य यांवर आहे. माझ्या बाबतीत वर्गमित्रांच्या साधारण निम्मा होता आणि मी मुंबईत मावशीकडे राहत होते म्हणून निभावलं. कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन त्या पगारात राहणं अवघड, म्हणून परदेशाच्या कर्जाबद्दल मी सावध आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्टसारख्या जागा आहेत, त्यांचे अर्ज भरा. नुसत्या कर्जावर मात्र जाऊ नका.

स्वतःचं ऑफिस काढल्यावर फीचा घोळ येतो, आणि तो आतापासून समजून घ्या. नव्या इमारतीत वास्तुविशारदाची फी खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. हाच नियम दुरुस्तीला लावला तर काय होतं? मी चार खांब वाचवले, म्हणजे खर्च वाचवला, म्हणजे माझी फी कमी झाली. सहाही खांब बदलले असते तर मला जास्त मिळाले असते. जो प्रामाणिकपणे कमी करतो त्याला दंड, असा हा व्यवहार. मला हे समजायला सहा वर्षं लागली. आता आम्ही मोजमाप आणि स्थितीचा अहवाल यांची फी वेगळी, ठोक घेतो. ती मिळाल्याशिवाय उपायाबद्दल बोलतच नाही. देखरेखीची फी साइटवरच्या फेऱ्यांवर. टक्केवारी नाहीच. काही गिऱ्हाइकं यामुळे गेली. राहिली ती टिकली.

सरकारी कामांत आणखी एक अडचण: सर्वात कमी दराच्या ठेकेदाराला काम. गिलाव्यामागे काय आहे हे कोणालाच माहीत नसताना ठेकेदार आकडा टाकतो, मग भिंत उघडल्यावर दोन पर्याय उरतात, भांडण किंवा सिमेंट. इथे तुमची गेली तीन वर्षं कामाला येतील, आणि वयाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. "वाया गेली" म्हणता ना ती? ज्याला बाबवार मोजमाप लिहिता येतं, दर कुठे फुगेल याचा अंदाज असतो, कोणत्या बाबीत तात्पुरती रक्कम राखून ठेवायची हे कळतं, असा माणूस संवर्धनात दुर्मीळ आहे. सुंदर स्केचेस काढणारे पुष्कळ येतात. निविदेत "जुना गिलावा काढून चुन्यात नवा करणे" या एका ओळीच्या जागी सात नेमक्या ओळी लिहू शकणारा आला तर मी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावते. 27 हे वय उशिराचं नाही. माझ्या ऑफिसातली सगळ्यात भरवशाची सहकारी 34 व्या वर्षी आली, आधी ती रुग्णालयांचे आराखडे करायची.

मोठी कामं होतात, तेही सांगायला हवं, नाहीतर मी फार रडगाणं गातेय असं वाटेल. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, मूळचं 1872 चं, महापालिका, इन्टॅक आणि एका खासगी प्रतिष्ठानाने मिळून जिवंत केलं आणि त्या कामाला 2005 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. रॉयल ऑपेरा हाऊस 1993 साली बंद पडलं होतं, ते 2016 मध्ये पुन्हा उघडलं. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या यादीत वारसा इमारतींची दुरुस्ती आहे, त्यामुळे कंपन्यांचा पैसाही या क्षेत्रात येतो. राजाबाई टॉवरचं काम तसंच झालं. अशा एका कामावर कनिष्ठ म्हणून दोन वर्षं मिळाली तर कितीही कमी पगारात घ्या. तिथे दगड, लाकूड, रंगीत काच, ओतीव लोखंड, प्लास्टरची नक्षी सगळ्यांचे जाणकार एकाच परांचीवर भेटतात.

पदवीचं थोडक्यात. दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट इथे संवर्धनाचे चांगले पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. सरकारी सल्लागार-यादीत जायचं असेल, शिकवायचं असेल, किंवा पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांकडे वळायचं असेल तर पदवी लागते. अनेक ठिकाणी अर्जातच ती मागतात. खासगी वाडे-बंगले-देवळं करायची असतील तर मालक पदवी विचारत नाही, "आधी कुठे केलंय, दाखवा" म्हणतो. मी स्वतः नोकरीची पाच वर्षं झाल्यावर एम.आर्क. केलं आणि तोपर्यंत मला काय येत नाही हे नेमकं माहीत होतं. त्यामुळे दोन वर्षांत जे मिळवलं ते थेट कॉलेजातून आलेल्यांपेक्षा जास्त, असं मला वाटतं. वर्गातले काही जण याच्या उलट सांगतील. तुमच्यासाठी क्रम मी असा धरेन: आहे ती नोकरी ठेवून एक पावसाळा एका इमारतीबरोबर, मग दोनेक वर्षं संवर्धनाच्या ऑफिसात, मग भारतातलं एम.आर्क., किंवा शिष्यवृत्ती असेल तर बाहेरचं. घरची जबाबदारी तुमच्या पगारावर असेल तर मधला टप्पा लांबवा, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

आता वडील. त्यांना सांगा, दगडांवर नाही भरत, गळक्या छपरांवर भरतं. माझं भरलं, घराचं कर्ज फिटलं, मुलगी शिकली, गाडी मात्र अजून तीच जुनी आहे. आणि त्यांना एकदा एखाद्या चालू कामावर घेऊन जा. माझे वडील बँकेत होते, सात वर्षं मला हेच विचारायचे. एकदा वाड्याच्या कामावर आले, मामांशी तासभर सागवानाच्या भावावर बोलत बसले, आणि घरी जाताना म्हणाले, "त्या सुताराला वेळेवर पैसे देतेस ना?" त्यानंतर तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

ऑफिसात मुलाखतीला जाल तेव्हा एक कराच. महिन्यातले किती दिवस साइटवर पाठवणार आणि साइटची नोंदवही कोण लिहितं, हे त्यांनाच विचारा. नोंदवही दाखवली तर जुन्या पानांवर चुन्याचे डाग आहेत का बघा. आणि कॉम्प्युटरवरची रंगीत चित्रंच पुढे करत राहिले, तर चहा पिऊन निघा.